पुसून ठेवलेली खुर्ची

खाटमास्तरांना हे नाव कुणी ठेवलं, यावर गल्लीत दोन मतं होती. त्यांची बायको म्हणायची, मी ठेवलं, कारण या माणसाचा जेवढा जीव लोखंडी खाटांवर आहे तेवढा घरातल्या कुठल्याच हलत्याबोलत्या माणसावर नाही. समोरचा घड्याळवाला म्हणायचा, नाव माझं, वहिनींनी ते नुसतं उचललं. दोघं यावरून बरीच वर्षं भांडली. आता भांडायला घड्याळवाला नाही, आणि मास्तरांची बायकोही तो विषय काढत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बसच्या वर्कशॉपमध्ये ते आयुष्यभर फिटर होते. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा घरात खाट नव्हती. म्हातारा जमिनीवरच पडून राहिला, पाठीला जखमा झाल्या, आणि कूस बदलताना असा विव्हळायचा की शेजारचे रेडिओ मोठा करायचे. दवाखान्यामागच्या भंगारात एक मोडकी खाट पडली होती, डोक्याकडचा भाग दांडा फिरवून वर करता येतो तसली. मास्तरांनी ती मागून आणली, सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपात जोडली, रंग मारला. रंग वाळायच्या आत वडील गेले. खाट दारात उभी आणि झोपायला माणूस नाही. तेव्हा मागच्या गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, आमच्या आईला देता का? मास्तरांनी दिली. ‘शेजार’ नावाच्या गटाची सुरुवात ही एवढीच. पुढे भाषणांत तिला काय काय चिकटवलं ते सोडून द्या.

मग माणसं जमत गेली. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, त्यांनी कारभार हातात घेतला. दवाखान्यामागची एक जुनी खोली मिळाली. खाटा, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या असं आजाऱ्याला लागणारं सामान लोकांकडून मागून आणायचं, मास्तरांनी ते दुरुस्त करायचं, आणि ज्या घरी गरज असेल त्या घरी फुकट द्यायचं. मास्तर नुसतं सामान टाकून यायचे नाहीत. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, चादर त्याच्या अंगाखालून कशी काढायची, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा शिकवायचे. बायका वैतागून म्हणायच्या, कळलं हो मास्तर. म्हणून ते मास्तर.

गटाचा नियम एकच होता. दिलेलं परत मागायचं नाही.

हा नियमही आपोआप सुचलेला नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत गटातल्याच एका गृहस्थांनी भर बाजारात एका बाईंना विचारलं होतं, काय वहिनी, खाट मोकळी झाली का? मनात काही नव्हतं त्यांच्या, दुसऱ्या घरातून मागणी होती म्हणून विचारलं. पण खाट मोकळी होणं म्हणजे काय, हे त्या बाईंना बरोबर कळलं. त्या तिथेच भाजीच्या पिशव्या खाली ठेवून रडायला लागल्या. त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की यापुढे कुणीही, कुठल्याही कारणाने, कुणाच्याही दारात परत मागायला जायचं नाही. घर स्वतःहून बोलावील तेव्हाच जायचं.

आणि घर बोलावी तेव्हा मास्तर एकटे जायचे. त्यांची एक कापडी पिशवी होती, तिच्यात औषधाच्या पाण्याची बाटली आणि फडका. खाट असो, खुर्ची असो, ती घराबाहेर काढायच्या आधी ते तिथेच, उंबरठ्याच्या आत बसून ती सगळी पुसून काढायचे. डाग, पट्ट्या चिकटल्याच्या खुणा, सांडलेलं औषध, सगळं. गेलेल्या माणसाचं दुखणं रस्त्यावरून लोकांना दाखवत न्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुसताना बोलायचे नाहीत, घरात बसायचे नाहीत, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पुसून झालं की घडी घालायची आणि निघायचं. त्यामुळे झालं काय, तर मास्तर एखाद्या दारात फडका घेऊन बसले की त्या घरातलं माणूस गेलं, हे अख्ख्या वस्तीला न सांगता कळायचं. लोक आवाज खाली आणायचे.

अजून एक काम मास्तर करायचे, ते कुठल्या नियमात बसत नव्हतं. ते खोटं बोलायचे. डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन जे काही सांगायचे, ते घरचे मास्तरांना सांगायचे, कारण कुठली खाट द्यायची, कुठली गादी, हे त्यावर ठरायचं. आणि मग मास्तर आजाऱ्यापाशी बसून अगदी बिनघोर चेहऱ्याने म्हणायचे, ही तात्पुरती व्यवस्था आहे बरं का. घड्याळवाल्याची बायको शेवटचं दुखणं घेऊन पडली तेव्हाही हेच. मास्तर खाटेच्या कडेला बसले होते आणि घड्याळवाला पायथ्याशी पाना हातात धरून उभा होता. मास्तर म्हणाले, "वहिनी, चार-दोन आठवड्यांत तुम्ही उठून बसता. मग मीच येतो खाट न्यायला, आणि तुमच्या हातचं जेवूनच जातो." त्या माउलीच्या चेहऱ्यावर हसू आलं. बाहेर आल्यावर घड्याळवाला भिंतीला टेकला आणि म्हणाला, "छान बोलतोस रे. क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं." डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

घड्याळवाल्याचं दुकान वर्कशॉपच्या फाटकासमोर, घर मास्तरांच्या घरासमोर. तरुणपणापासूनचं अरे-तुरे. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पुढे त्याचे पाय गेले. बाकी माणूस खणखणीत, डॉक्टर म्हणायचे, हे अजून बरीच वर्षं काढणार, तयारीत राहा. मास्तरांनी त्याला चाकांची खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीने त्याला पुन्हा गल्ली दिली. सकाळी सून त्याला दाराबाहेर आणून बसवायची. मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. कामाला उशिरा निघालेल्यांना हटकायचं, कुणाच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडलं असेल तर थांबवून लावून द्यायचं, मास्तरांच्या बायकोची खोडी काढायची. खुर्चीचं डावं चाक वाजायचं. मास्तर तेल घालायला गेले तर म्हणाला, "राहू दे. मी येतोय हे लोकांना कळलं पाहिजे, म्हणजे माझी निंदा वेळेत थांबवतील." चाकाचा चीं-चीं आवाज आला की समोरच्या खिडकीतून मास्तरांची बायको म्हणायची, निघाली स्वारी.

हे असं चालू राहिलं असतं. पण खोलीचं निघालं.

दवाखाना वाढवायचा होता, त्यासाठी मागची खोली पाडणार होते. दुसरी जागा मिळेना. बाईंनी किती उंबरठे झिजवले ते त्यांच्या चपलांना विचारा. शेवटी एकच वाट उरली. शहरात दरवर्षी स्वयंसेवी गटांना सेवा पुरस्कार देत, आणि ज्या गटाला पहिला पुरस्कार मिळेल त्याला नव्या सभागृहाच्या इमारतीत कायमची खोली मिळायची. गटाने आदल्या वर्षीही अर्ज केला होता. तेव्हा परीक्षक आले, खोलीत डोकावले, तर आत एक वॉकर आणि एक फाटकी गादी. "बाकी सामान?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "घराघरांत आहे." "ते ठीक आहे हो, पण आम्हाला बघायला?" घ्या. सामान लोकांच्या उपयोगाला गेलंय, हाच यांचा गुन्हा. पुरस्कार चौकाचौकांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवणाऱ्या एका मंडळाला गेला. त्यांच्या कुंड्या जागच्या जागी होत्या.

म्हणून या वर्षी बाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की परीक्षक येतील त्या सकाळपुरतं थोडं सामान परत आणायचं. खाटा नाहीत, गाद्या नाहीत. ज्यांचं दोन-तीन तास अडणार नाही त्यांच्याकडचंच, वॉकर, कुबड्या असलं काहीतरी.

मास्तर म्हणाले, "बाई, मागायचं नाही हा नियम तुमचाच."

"मागायचं कुठे म्हणतेय मी? उसनं आणायचं. दुपारी परत." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मास्तर, नियम माणसांसाठी केला होता. उद्या खोली गेली, सामान पावसापाण्यात सडलं, तर माणसांना द्यायचं काय? नियम?"

बाईंना दोष देणं सोपं आहे, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

"चाकांची खुर्ची एक तरी हवी," बाई म्हणाल्या. "घड्याळवाल्यांची आणा. ते तर तुमचेच आहेत."

घरी आल्यावर बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आदल्या दिवशी जाऊन त्याला नीट समजावून सांगा. नुसते जाऊन धडकू नका."

"त्याला काय समजवायचं? आपलाच आहे तो," मास्तर म्हणाले. आपल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. मास्तरही तसेच धरून चालले.

सकाळी ते गेले तेव्हा घड्याळवाला आतल्या खोलीत पडलेला होता, डोळे मिटून. दाराशी सून भेटली. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, परीक्षक, खोली, दुपारी परत. ती म्हणाली, "न्या की काका, आज बाबा उशिरानेच बाहेर बसतील. त्यांना उठवू का?" मास्तर म्हणाले, "कशाला, झोपू दे त्याला." सून स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांनी खुर्ची पुढच्या खोलीत आणली. आणि मग त्यांच्या हातांनी केलं ते हे: पिशवी उघडली, बाटली काढली, फडका भिजवला, आणि उंबरठ्याच्या आत बसून ते खुर्ची पुसायला लागले. आधी हात टेकायच्या दांड्या, मग बैठक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या, मग चाकं. खोलीत नेऊन पुसता आली असती. पुसायची मुळात गरजच नव्हती. पण खुर्ची घराबाहेर न्यायची म्हणजे पुसायची, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की डोकं परीक्षकांकडे आणि हात आपल्या कामाला. पुसून झालं. त्यांनी घडी घातली आणि निघताना सहज आत बघितलं.

घड्याळवाल्याचे डोळे उघडे होते. कधीपासून, देव जाणे. तो मास्तरांकडे बघत होता, हातातल्या फडक्याकडे बघत होता, आणि काही बोलत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस समोर कुणी असताना काही बोलत नव्हता. मास्तरांना वाटलं अजून झोपेत आहे. त्यांनी हात वर करून "येतो रे" असं म्हटलं आणि ते गेले. दुपारी आणायचीच आहे तर आता कशाला बोलत बसा, असं त्यांच्या मनात आलं.

परीक्षक उशिरा आले. खोली बघून खूश झाले. कुबड्या, वॉकर आणि मधोमध चकचकीत चाकांची खुर्ची. "वा, काय निगा राखलीय," एकजण म्हणाला. मग त्यांना फोटो हवा होता आणि फोटोवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. बाईंनी मास्तरांपुढे हात जोडले, एक रात्र राहू द्या. मास्तरांनी सुनेला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "चालेल काका, तसेही बाबा आज उठायला नको म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी फोटो झाल्या झाल्या मास्तर खुर्ची ढकलत गल्लीत शिरले. चाक वाजत होतं. खिडकीतून बायको म्हणाली, "आली बाई एकदाची." घड्याळवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"चल रे, तुझं वाहन आलं," मास्तर म्हणाले. "बाहेर लोकांची घड्याळं बिघडलीत तुझ्यावाचून."

"दाराशी ठेव," तो म्हणाला. "घडी करूनच ठेव."

"म्हणजे?"

"आज नको बसायला."

उद्या बसेल, मास्तरांनी मनाशी म्हटलं. उद्या तो म्हणाला, आज नको. परवाही तेच. चिडत नव्हता, रुसलेला नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं, मास्तरांनी चार शिव्या देऊन त्याला उचलून बसवला असता. पण तो अगदी समजूतदारपणे, गोड बोलायचा. "दुसऱ्या कुणाला लागत असेल रे, ने. उगाच अडकून पडलीय." या माणसाच्या तोंडी समजूतदारपणा ऐकून मास्तरांनी सुनेला गाठलं.

सुनेने सांगितलं, मी त्याच दिवशी त्यांना म्हटलं होतं की खुर्ची परीक्षकांना दाखवायला नेलीय. तर म्हणाले, हो का, असू दे. वर मलाच विचारलं, डॉक्टरांनी तुला काय सांगितलं? मी म्हटलं, काहीच नाही. तर हसले.

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते धावत आत गेले आणि त्यांनी सगळं घडाघडा सांगितलं. खोली पाडणार होते ते, बाई काय म्हणाल्या ते, फडका सवयीने निघाला ते. घड्याळवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "मिळाली का मग खोली?"

"ते जाऊ दे. तुला पटलं का सांग."

"पटलं की," तो म्हणाला, आणि त्याने कूस बदलली. त्याला पटलं नव्हतं.

बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. डॉक्टरांना आणलं, त्यांनी तपासून सांगितलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही, उठा, बसा, फिरा. तो सगळ्यांना हो म्हणायचा. आणि खाणं कमी करायचा. एकेक घास करत ताट मागे सरकवायचा, कुणाला दुखवणार नाही अशा बेताने. मास्तर रोज सकाळी जायचे. खुर्ची उघडून खाटेला लावायचे, थांबायचे, पुन्हा घडी घालून दाराशी ठेवायचे. गल्लीत सकाळी चाक वाजेनासं झालं. लोकांनी आधी चौकशी केली, मग हळूहळू चौकशी थांबली, कारण दाराशी मास्तर खुर्ची पुसताना त्या दिवशी इतरांनीही पाहिलं होतं. म्हणजे ज्याला त्याला आधीच कळलेलं होतं, न झालेलं.

आणि या सगळ्यात पुरस्कार जाहीर झाला. पहिला. खोलीसकट.

मास्तर जायला तयार नव्हते. बायको म्हणाली, "जा. तुमच्यासाठी नाही, खाटांसाठी जा." सभागृह भरलेलं होतं. मंचावर नेऊन बसवलं, मोठा पितळी फलक, पुष्पगुच्छ. मानपत्र वाचणारी मुलगी छान वाचत होती. आरशासारखा नितळ आवाज तिचा. ती वाचत गेली, या गटाने कधीही, कुणाच्याही दारात, दिलेली वस्तू परत मागण्यासाठी पाऊल ठेवलं नाही. मास्तरांचे कान बंद झाले. टाळ्या बराच वेळ चालल्या. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. फलक त्यांनी मास्तरांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना दाखवा जाऊन. बघा, एवढ्यावर तरी पटतंय का."

मास्तर फलक काखेत घेऊन तडक घड्याळवाल्याकडे गेले. तो आता पारच वाळला होता. मास्तर खाटेच्या कडेला बसले आणि फलक त्याच्या छातीवर टेकवून धरला. "हे बघ. वाच. यासाठी नेली होती खुर्ची. आता तरी पटेल? खोटं असतं तर हा कुठून आणला असता?"

घड्याळवाल्याने बोटांनी फलकावरची अक्षरं चाचपली. "चांगला आहे," तो म्हणाला. "मिळायलाच पाहिजे होता तुम्हाला."

"अरे, मी काय म्हणतोय..."

"तुला खोटं बोलता येतं, हे मला माहीत आहे. मी पायथ्याशी उभा होतो."

मास्तर म्हणाले, "ते खोटं होतं. हे खरं आहे. वहिनींची शपथ."

"तेव्हाही तू असाच कडेला बसला होतास. आवाजही हाच." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही, की मास्तर खोटं बोलतोय. तिला बरं वाटत होतं ना. आता तू माझ्यासाठी बोलतोयस. बोल. मला राग नाही."

"तुला काही झालेलं नाही रे. तू उठून बस, खा, तुला काहीही होणार नाही." मास्तर रडायलाच लागले. म्हातारा माणूस, फलक हातात धरून, लहान पोरासारखा हुंदके देत होता.

घड्याळवाल्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बघ," तो म्हणाला. "काही झालेलं नाही तर मग रडतोस कशाला?"

यापुढे काय बोलणार? खरं बोलून झालं होतं, शपथा झाल्या होत्या, डॉक्टर झाले होते, आणि रडू आलं तेही उलट अंगाशी आलं. मास्तर उठून घरी आले. बायकोने फलक त्यांच्या हातातून घेतला आणि कपाटावर पालथा ठेवला. आदल्या दिवशी जाऊन सांगा असं म्हटलं होतं मी, हे तिने तेव्हाही उच्चारलं नाही, नंतरही नाही. मास्तरांना वाटायचं, एकदा म्हणून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

घड्याळवाला गेला तेव्हा डॉक्टरांनाही नीट कारण सांगता येईना. अशक्तपणा, म्हणाले. वय, म्हणाले.

सगळं आवरल्यावर सुनेने निरोप पाठवला की काका, खुर्ची घेऊन जा. निरोप आला म्हणजे जायचं, नियमच होता. मास्तर पिशवी घेऊन गेले. दाराशी खुर्ची उभी होती, घडी घातलेली. मास्तर उंबरठ्याच्या आत बसले, बाटली काढली, फडका भिजवला आणि थांबले. पुसायला काही नव्हतं. दांड्या स्वच्छ, बैठक स्वच्छ, चाकांच्या तारांमध्येसुद्धा धूळ नाही.

"रोज पुसायला लावायचे मला," सून म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "त्या दिवसापासून. म्हणायचे, मास्तर कधीही येईल, त्याला इथे बसून पुसायला लावू नको. त्याला फार जड जातं ते."

मास्तरांनी ओला फडका तसाच पिशवीत घातला.

"आणि काका, शेवटी शेवटी एकदा त्यांनी दुकानातली तेलाची कुपी मागितली. घड्याळाला घालतात ती. मला म्हणाले, खुर्ची आडवी कर. मला घालू दिलं नाही, स्वतःच घातलं. मी म्हटलं, आता कशाला बाबा? तर म्हणाले, मास्तर ही घेऊन जाईल तेव्हा गल्लीत आवाज नको. त्याच्या बायकोला वाटेल मी निघालो."

मास्तर उठले. त्यांनी खुर्ची उघडली, बाहेर काढली आणि गल्लीतून ढकलत निघाले, नव्या खोलीकडे. कुणी वळून बघितलं नाही. समोरच्या खिडकीत त्यांची बायको पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत होती. मास्तर खुर्ची घेऊन तिच्या मागून गेले, आणि तिला कळलं नाही.